जुन्नर तालुक्याची ओळख



जुन्नर म्हटले की आपण शिवनेरीकडे बोट दाखवतो. १६३० साली शिवछत्रपती तेथे जन्मले, हा मान मोठाच. परंतु तालुक्याची हकीकत तेवढ्यात संपत नाही. ती आम्ही आज आपल्या धंद्याच्या बाजूने सांगणार आहोत.

आधी जमीन पाहा. पश्चिमेस सह्याद्री; तेथे धो धो पाऊस, भात, नाचणी आणि हिरड्याची झाडे. मध्ये कुकडी, मीना, पुष्पावतीची खोरी. पूर्वेस आणे पठार. तेथे पावसाची वाट पाहता डोळे शिणतात. एकाच तालुक्यात एका टोकाला इरले आणि दुसऱ्या टोकाला रिकामा हंडा! माणिकडोह, वडज, येडगाव ही धरणे झाली, त्यांचे पाणी कालव्याने पार कर्जत-करमाळ्याकडे जाते. जावे, तेथेही शेतकरीच आहेत. पण ज्या डोंगरात पाऊस पडतो तेथल्या बाया उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करतात, हे कोणत्या हिशेबात बसते?

नाणेघाट हा कोकणातून देशावर चढणारा जुना व्यापारी रस्ता. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात यज्ञांची नावे आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची लांबलचक यादी. घाट ज्यांनी फोडला त्यांचा मात्र त्यात पत्ता नाही.

तो पत्ता जुन्नरच्या लेण्यांत लागतो. गावाभोवती दीडशेहून अधिक लेणी आहेत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्या धंदेवाल्यांच्या पंचायतीने, सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख त्यांत आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा मजकूर आहे. बुरुडाच्या शब्दावर लोक पैसा ठेवीत होते! पुढे त्याच बुरुडाला आपणच गावकुसाकडे ढकलले, तेव्हा लाज कोणी वाटून घ्यावी?

याच तालुक्यात ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ साली घरचे लग्न सत्यशोधक पद्धतीने, भटजीवाचून लावले. जोशांनी दक्षिणेसाठी फिर्याद केली. महात्मा फुले पाटलांच्या पाठीशी उभे राहिले. खटला मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला व १८९० साली निकाल पाटलांच्या बाजूने लागला. दक्षिणेच्या चार पैशांकरिता साहा वर्षे कोर्टाची पायरी चढण्याइतकी हिंमत एका शेतकऱ्याने दाखवली, आणि ओतुरातल्या किती पोरांना हे ठाऊक आहे?

आता एक विनंती. लेण्याद्रीला गणपतीस जाल, तेव्हा शेजारच्या चैत्यगृहाशीही पाच मिनिटे थांबा. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे ते दान, असे तेथे कोरले आहे. हेरणिक म्हणजे सोनार. मुलांना बरोबर न्या, आणि ती अक्षरे कोठे आहेत ते त्यांनाच शोधू द्या.