एका ओळीची दुरुस्ती

माझ्या पॅथॉलॉजिस्ट मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने वर्षभराच्या शास्त्रीय घडामोडींचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. नव्या यंत्रांवर आणि ऑटोमेशनवर तज्ज्ञ बोलणारच आहेत. मला बोलायचं आहे ते बीटा-एचसीजीच्या रिपोर्टवरच्या एका ओळीबद्दल : ‘५ पेक्षा कमी – निगेटिव्ह’. विशीतली मुलगी असो की साठीतली आजी, आपण हीच ओळ छापतो. अनेक वर्षं हे मला सलतं आहे.

एचसीजी म्हणजे वारेचं संप्रेरक, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी १९२८ च्या सुमारास उंदरांवरची गर्भचाचणी पुढे आणली, तेव्हा हे द्रव्य पिट्युटरीतून येतं असं ते मानत होते. पुढे ते वारेचं ठरलं आणि पिट्युटरी विस्मरणात गेली. पण ती थोडं एचसीजी खरोखरच बनवते! एलएच आणि एचसीजी ही सख्खी भावंडं आहेत. दोघांची अल्फा साखळी एकच, बीटा साखळीची जनुकं १९ व्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी. पाळी गेली, बीजकोशांचं इस्ट्रोजेन आटलं, की पिट्युटरीवरचा लगाम सुटतो. एफएसएच आणि एलएच चढतात आणि त्यांच्याबरोबर एचसीजीही रक्तात उतरतं. म्हणूनच पंचावन्न वर्षांवरच्या स्त्रियांसाठी १४ ही मर्यादा सुचवली गेली आहे. ते संशोधन २००५ चं. आपल्या रिपोर्टवर ५ चा आकडा अजून तसाच आहे.

मधुमेहाने आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या एका विधवा बाईंची गोष्ट सांगतो. ऑपरेशनपूर्वीच्या तपासण्यांच्या यादीत एचसीजीही होतं. आकडा आला ९, शेजारी ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. ऑपरेशन रद्द झालं. एचसीजी बनवणारी गाठ शोधायला सोनोग्राफी झाली, सीटी झाला, काहीच सापडलं नाही, तरी मेथोट्रेक्सेट दिलं गेलं. तोंड सोलवटलेल्या अवस्थेत त्या माझ्याकडे आल्या. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे गर्भ असं समजून एव्हाना मुलाने आईशी बोलणं टाकलं होतं. मी एफएसएच केलं, ते ऐंशीच्या घरात. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून दोन आठवडे इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन दिलं आणि एचसीजी खाली आलं. गाठीतलं एचसीजी या गोळ्यांना असं दबत नाही. मुलाला समोर बसवून मी हे सगळं समजावलं. तो आईच्या पायाशी बसून रडला.

‘रिपोर्टवर शेरा लिहिणं आपलं काम नाही, अर्थ लावायला क्लिनिशियन आहेत,’ असा एक पक्ष आपल्यात आहे. कालच्या चर्चेतही तो जोरात मांडला गेला. माझ्यापुरता हा वाद त्या बाईंनी मिटवला आहे. आकडा आपण देतो, ‘पॉझिटिव्ह’ हा शिक्काही आपणच मारतो. मग अर्थाशी संबंध नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

उद्या कुणी म्हणेल, वयानुसार मर्यादा बदलली तर खरा कॅन्सर निसटेल. निसटणार नाही. पिट्युटरीचं एचसीजी थोडं असतं आणि साधारण तेवढंच राहतं; आकडा वाढत गेला तर शोध घ्यायलाच हवा. रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे येणारा खोटा आकडाही ओळखता येतो : रक्तात एचसीजी दिसतं, लघवीत सापडत नाही. डायलिसिसवरच्या रुग्णांतही ते थोडं वाढलेलं असतं. हे सारं ज्ञान आपल्याकडे आहे. रिपोर्टच्या कागदावर ते उतरत नाही, हे माझं भांडण आहे.

वयानुसार मर्यादा आणि शेऱ्याचा नमुना ठरवायला आपण एक छोटी समिती नेमू. तपशील कार्यकारिणीत बोलू. तोवर एवढं करा : पाळी गेलेल्या बाईंचा आकडा ५ ते १४ मध्ये आला, तर ‘पॉझिटिव्ह’ छापण्याआधी त्याच नमुन्यावर एफएसएच लावा आणि तिच्या डॉक्टरांना स्वतः फोन करा.