छातीत राहून गेलेला दाणा

इंदूर हे खाण्याची आवड असलेले शहर. सराफ्यातील रात्रीची गर्दी आणि सकाळच्या पोह्यांवरील शेव यांची ओळख माळव्यात कोणाला करून द्यावी लागत नाही. भोवतालच्या माळव्यात हरभरा मोठ्या प्रमाणावर पिकतो. घरोघरी फुटाण्यांचा किंवा शेंगदाण्यांचा डबा असतो आणि अंगणात धावणाऱ्या मुलाच्या मुठीत कोणीतरी कौतुकाने चार दाणे ठेवतो. त्यांतील एखादा दाणा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरला, तर तो तेथे असल्याचे कित्येक आठवडे कोणालाच कळत नाही, असे घडू शकते. ते का घडते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

तीन वर्षांखालील मुलाच्या दाढा पुरेशा आलेल्या नसतात. दाणा चावून बारीक करणे त्याला जमत नाही. तोंडात घास असताना ते हसले, रडले किंवा धावता धावता पडले, की जोराने आत ओढलेल्या श्वासाबरोबर दाणाही आत जातो. मुलाला ठसका लागतो, चेहरा लालबुंद होतो, क्वचित ओठ निळे पडतात. नंतर खोकला थांबतो आणि मूल पुन्हा खेळू लागते. दाणा पोटात गेला असे समजून घरचे निश्चिंत होतात. खरा धोका याच शांततेत असतो. दाणा खाली सरकून फुप्फुसाकडे जाणाऱ्या एखाद्या शाखेत, बहुधा उजव्या बाजूच्या, जाऊन बसलेला असतो. कारण उजवी शाखा अधिक रुंद आणि अधिक सरळ आहे. तेथील आतील आवरणाला त्या स्पर्शाची सवय होते आणि खोकल्याची उबळ शमते.

परंतु दाणा ओलाव्याने फुगतो आणि त्यातील तेलाने आतील आवरण सुजते. वाट बंद झाल्यामुळे पलीकडे कफ साठतो व त्यात जंतू वाढतात. मग ताप, खोकला आणि छातीत घरघर सुरू होते. दमा, न्यूमोनिया, प्रसंगी क्षय समजून उपचार होतात. औषधाने चार दिवस बरे वाटते आणि त्याच बाजूला तेच दुखणे पुन्हा उद्भवते.

क्ष-किरणांच्या छायाचित्रात हे दिसत नाही का, असा प्रश्न साहजिकच पडेल. नाणे, टाचणी, खिळा दिसतो. शेंगदाणा, हरभरा, चिंचोका आणि प्लॅस्टिक बहुधा दिसत नाहीत. कधी दाणा झडपेसारखा वागतो, हवा आत घेतो पण बाहेर सोडत नाही. ते फुप्फुस छायाचित्रात अधिक फुगलेले दिसते आणि श्वास सोडताना घेतलेल्या छायाचित्रात हा फरक अधिक स्पष्ट होतो. तरीही निर्दोष छायाचित्र म्हणजे छातीत काही नाही, असे मानता येत नाही. खरा पुरावा पुष्कळदा आईजवळच असतो: खाताना एकदा मोठा ठसका लागला होता.

आणि हीच गोष्ट सांगितली जात नाही. कधी ती विसरली जाते, कधी लपविली जाते. दाणे आजीने दिले होते, किंवा सून विहिरीवर गेली असता मूल थोरल्या भावाजवळ होते. दोष कोणाच्या माथी येईल या भीतीने घर गप्प राहते. म्हणून आरोग्यसेविकेने किंवा अंगणवाडीच्या ताईंनी “कोणी दिले?” असे न विचारता “खाताना किंवा खेळताना कधी ठसका लागला होता का?” एवढेच विचारावे. पहिल्या प्रश्नाने उत्तराचे दारच बंद होते.

1897 सालापर्यंत अशा रुग्णास फारसा उपाय नव्हता. त्या वर्षी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा तोंडावाटे नळी घालून बाहेर काढला. पुढे अमेरिकेत शेव्हॅलिए जॅक्सन यांनी हे तंत्र सिद्धीस नेले. त्यांच्या संग्रहातील दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात जतन केलेल्या आहेत.

इंदुरात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा 1878 पासूनची आहे. महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय 1948 साली स्थापन झाले आणि त्याच्याशी संलग्न महाराजा यशवंतराव रुग्णालयाला सारा माळवा व निमाड ‘एम. वाय.’ या नावाने ओळखतो. अशा मोठ्या रुग्णालयात मुलाला पूर्ण भूल देऊन ताठ नळीची दुर्बीण घालतात. तिच्यातून श्वासही चालू राहतो आणि चिमट्याने वस्तूही निघते. बहुतेक वेळा एवढ्याने काम भागते. वस्तू खोल रुतली असेल, अथवा फुप्फुसाचा तो भाग फार दिवसांच्या पुवाने निकामी झाला असेल, तर मात्र छाती उघडावी लागते, प्रसंगी तो भाग कापून काढावा लागतो. चार दाण्यांसाठी केवढी ही किंमत!

शिक्षकांनी पेनाच्या टोपणाकडे लक्ष द्यावे. पुष्कळ टोपणांच्या टोकाला छिद्र असते, ते टोपण घशात अडकल्यास थोडी हवा जावी म्हणून ठेवलेले असते. लिहिताना टोपण चावण्याची मुलांची सवय वर्गातच मोडता येते.

मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज वा श्वास निघत नसेल, तर वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात आणि उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाबावे. मोठ्या मुलाला वाकवून पाठीवर पाच थापा द्याव्यात, मग मागून बेंबीच्या वर आत व वरच्या दिशेने पाच हिसके द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा आणि दुसऱ्या कोणी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये. ती आणखी खाली जाते. केळे किंवा भाताचा घास भरविण्याची जुनी रीतही घातक आहे.

ठसका थांबल्यावरही मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नये. डब्यातील उरलेले दाणे किंवा तसेच दुसरे टोपण सोबत घ्यावे. दुर्बिणीतून घालावयाचा चिमटा निवडताना शल्यचिकित्सकास त्याचा उपयोग होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोठ्या रुग्णालयाला दिलेल्या चिठ्ठीवर ठसका लागल्याचा दिवस, वेळ आणि तोंडात असलेली वस्तू लिहून घ्यावी.