बीटल्स : गायन आणि ध्वनिमुद्रण

गाणें आधीं कीं तबकडी आधीं, असें कोणीं विचारलें तर आपण हंसून सांगूं कीं गाणें आधीं. गवई गातो, यंत्र तें टिपून घेतें आणि कंपनी तबकडी विकते. यांत विचारण्यासारखें काय आहे? परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडमध्यें चार तरुण असे निघाले, कीं त्यांनीं हा क्रम उलटा करून दाखविला. त्यांचीं उत्तरकाळांतील कित्येक गाणीं तबकडीवर उतरेपर्यंत कोणीं कधीं अखंड गाइलेलींच नव्हतीं. 'बीटल्स' या नांवानें जगप्रसिद्ध झालेल्या या चौघांविषयीं आज बोलावयाचें आहे. त्यांची लोकप्रियता, त्यांचे वाढविलेले केस, त्यांच्यामागें धांवणाऱ्या मुलींच्या झुंडी, यांचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत. मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे तें निराळ्या गोष्टीकडे : यंत्रानें या मंडळींना काय दिलें, आणि त्याच्या मोबदल्यांत त्यांच्याकडून काय घेतलें.

लिव्हरपूल हें इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील मोठें बंदर. तेथील वूल्टन भागांत, चर्चच्या जत्रेंत, १९५७ च्या जुलै महिन्यांत जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची गांठ पडली. एक सोळा वर्षांचा, दुसऱ्याला नुकतींच पंधरा पुरीं झालेलीं. पुढें मॅकार्टनीच्याच शाळेंतील जॉर्ज हॅरिसन त्यांना येऊन मिळाला. स्वरलिपि यांतील एकालाहि वाचतां येत नसे. त्यांची खरी पाठशाळा म्हणजे जर्मनींतील हॅम्बुर्ग बंदर. १९६० पासून १९६२ च्या अखेरपर्यंत त्यांनीं तेथें पांच खेपा केल्या आणि मद्यगृहांतून रात्रीच्या रात्री वाजवून काढल्या. समोरचा श्रोता उठून जाऊं नये म्हणून तासन्‌तास गात राहावयाचें, एकाचा गळा बसला कीं दुसऱ्यानें स्वर उचलावयाचा, एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहून लय सांभाळावयाची, ही तालीम कोणत्याहि विद्यालयांत मिळाली नसती. मधल्या काळांत लिव्हरपूलमधील 'कॅव्हर्न' नांवाच्या तळघरांत त्यांचे कार्यक्रम गाजूं लागले होते.

१९६१ च्या अखेरीस ब्रायन एपस्टाइन या तबकड्यांच्या दुकानदारानें त्यांना तेथें ऐकलें आणि त्यांची व्यवस्था पाहण्याचें पत्करलें. १ जानेवारी १९६२ रोजीं डेक्का कंपनीनें त्यांची परीक्षा घेतली व पुढें नकार कळविला. अखेर ई. एम्. आय्. कंपनीच्या पार्लोफोन शाखेचे प्रमुख जॉर्ज मार्टिन यांनीं त्यांना जवळ केलें. मार्टिन हे लंडनच्या गिल्डहॉल विद्यालयांत रीतसर शिकलेले, ओबो वाजविणारे, आणि विनोदी तबकड्या काढण्यांत हातखंडा असलेले गृहस्थ. त्याच वर्षीं ऑगस्टांत ड्रम वाजविण्यासाठीं रिंगो स्टार आला आणि चौकडी पुरी झाली. ऑक्टोबरांत 'लव्ह मी डू' हें गाणें असलेली तबकडी निघाली.

आतां ११ फेब्रुवारी १९६३ हा दिवस पहा. लंडनच्या ॲबे रोडवरील कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत चौघे सकाळीं शिरले आणि रात्रीं बाहेर पडले. त्यांच्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेंतील चौदा गाण्यांपैकीं दहा गाणीं या एका दिवसाचीं आहेत. शेवटचें गाणें गळा फोडून गावयाचें असल्यामुळें तें मुद्दाम मागें ठेविलें होतें. सर्दीनें आणि दिवसभराच्या श्रमानें लेननचा आवाज चिरला होता. तरी जें साधलें तें पहिल्याच खेपेस साधलें. तो चिरलेला स्वर आजहि त्या तबकडीवर ऐकूं येतो, आणि त्यांतच तिची मोहिनी आहे. येथें यंत्राचें काम छायाचित्रकाराचें. चौघे समोर उभे राहिले, त्यानें त्यांना टिपलें. हॅम्बुर्गच्या रात्रींनीं जें घडविलें होतें, तें एका दिवसांत फितीवर आलें.

पुढील तीन वर्षांत कीर्ति आली आणि तिनेंच गाणें बुडविलें. ९ फेब्रुवारी १९६४ रोजीं अमेरिकेंत एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत ते दिसले, तेव्हां तो सुमारें ७ कोटि ३० लक्ष लोकांनीं पाहिला. १९६५ च्या ऑगस्टांत न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्यें ५५ हजारांहून अधिक माणसें जमलीं. परंतु त्यांच्या किंकाळ्यांपुढें ध्वनिवर्धकांचा निभाव लागेना. गायकाला स्वतःचा स्वर ऐकूं यावा म्हणून आज रंगमंचावर जी सोय असते ती त्या वेळीं नव्हती. सोबत्यांच्या खांद्यांच्या व माना हलविण्याच्या लकबींवरून गाणें कोठवर आलें हें रिंगोला ओळखावें लागे. ज्या गायकाला श्रोता ऐकतच नाहीं, त्यानें कोणासाठीं गावें? २९ ऑगस्ट १९६६ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें कार्यक्रम करून त्यांनीं दौरे कायमचे बंद केले.

याच सुमारास यंत्रानेंहि रूप पालटलें होतें. १९६३ च्या आरंभीं त्यांच्या ध्वनिफितीवर दोनच पट्टे असत. त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून चार मिळूं लागले. एका पट्ट्यावर ताल व गिटार भरावयाचें, तें ऐकत दुसऱ्यावर गळा, तिसऱ्यावर आणखी कांहीं. चारी भरले कीं ते मिसळून दुसऱ्या फितीच्या एका पट्ट्यावर उतरावयाचे, म्हणजे पुन्हां तीन मोकळे. सांगावयास ही साधी युक्ति. परंतु तिचा परिणाम फार खोल होता. आपण काल गाइलेल्या गाण्यास आज स्वतःच साथ करावी, हें त्यामुळें शक्य झालें. सोबत्यानें त्याच वेळीं शेजारीं उभें असण्याची आवश्यकता उरली नाहीं.

या मोकळीकीचें फळ प्रथम अत्यंत मधुर आलें. १९६५ च्या 'यस्टरडे' या गाण्यांत मॅकार्टनी एकटाच गातो, आणि साथीला चार तंतुवादकांचा मेळ आहे. पुढच्या वर्षींच्या 'एलिनॉर रिग्बी'मध्यें आठ तंतुवादक आहेत. चौघांपैकीं एकानेंहि वाद्यास हात लावलेला नाहीं. त्याच ध्वनिमुद्रिकेंत हॅरिसनच्या 'लव्ह यू टू' या गाण्यास अनिल भागवत यांचा तबला आहे, आणि वेष्टनावर त्यांचें नांव छापलेलें आहे. 'टुमॉरो नेव्हर नोज' या गाण्यासाठीं फितीच्या तुकड्यांचीं टोकें जोडून वेटोळीं केलीं, तीं निरनिराळ्या यंत्रांवर एकाच वेळीं फिरविलीं, आणि त्यांतून निघणारे चमत्कारिक ध्वनि गाण्यांत मिसळले. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'ची कथा तर नवलाची आहे. या गाण्याचे दोन नमुने तयार झाले. लेननला एकाचा आरंभ आवडला आणि दुसऱ्याचा पुढला भाग. दोहोंची पट्टी वेगळी, लयहि वेगळी. मार्टिन आणि त्यांचे तंत्रज्ञ जेफ एमेरिक यांनीं फितींच्या गतींत फरक करून दोन्ही असे जुळविले कीं एका मिनिटाच्या सुमारास असलेला तो सांधा कोणीं दाखविल्यावांचून सहसा लक्षांत येत नाहीं.

१९६७ सालीं निघालेली 'सार्जंट पेपर' ही ध्वनिमुद्रिका या रीतीचा कळस होय. पहिल्या ध्वनिमुद्रिकेंतील दहा गाण्यांना एक दिवस पुरला होता. हिला महिनेच्या महिने लागले. हिच्या शेवटच्या गाण्यासाठीं चाळीस वादक बोलावून, आपल्या वाद्याच्या तळच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत ज्यानें त्यानें आपापल्या चालीनें चढत जावें, असें त्यांना सांगण्यांत आलें. आयुष्यभर एकमेकांशीं जुळवून वाजविलेल्या त्या लोकांना प्रथम हें रुचलें नसेल. परंतु त्यांतून ध्वनीची जी प्रचंड लाट उठली तिला पूर्वींच्या लोकप्रिय संगीतांत तोड नव्हती. हें गाणें कीं कसब, असा आक्षेप कोणी घेतील. मला तो मान्य नाहीं. चित्रकार एकच चित्र महिनाभर रंगवितो, एक रंग वाळल्यावर त्यावर दुसरा चढवितो; म्हणून आपण त्यास लबाड म्हणत नाहीं. या मंडळींनीं गाण्यास चित्रकाराचा धीर दिला.

परंतु या मोकळीकीस दुसरीहि बाजू होती. १९६७ च्या ऑगस्टांत एपस्टाइन वारला आणि चौघांना एकत्र बांधणारा हात गेला. १९६८ च्या जानेवारींत हॅरिसन मुंबईस आला. एका चित्रपटाच्या संगीतासाठीं हिज मास्टर्स व्हॉइसच्या येथील ध्वनिमुद्रणगृहांत त्यानें भारतीय वादकांकडून काम करून घेतलें; त्यांत आशिष खां यांचा सरोद होता आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी होती. त्याच वेळीं 'द इनर लाइट' या गाण्याचें वाद्यसंगीतहि त्यानें येथेंच भरून घेतलें. पुढें लंडनला जाऊन त्यावर गळा चढविला, आणि मार्चमध्यें तें बीटल्सच्या नांवानें बाहेर पडलें. मुंबईकरांस अभिमान वाटावा अशी ही गोष्ट खरी; पण तिचा दुसरा अर्थहि ध्यानांत घेतला पाहिजे. बीटल्सच्या गाण्याला आतां बाकीच्या तिघांच्या वाद्यांची गरज राहिली नव्हती.

त्याच वर्षाच्या अखेरीस तीस गाण्यांची दुहेरी ध्वनिमुद्रिका निघाली. तींतील पुष्कळ गाण्यांत चौघे एकत्र नाहींत. एकाच इमारतींत कधीं एक एका खोलींत तर दुसरा दुसऱ्या खोलींत आपापलें काम करीत असे. रिंगो कंटाळून कांहीं दिवस निघूनच गेला; तेव्हां मॅकार्टनीनें स्वतः ड्रम वाजविला आणि काम पुढें चाललें. हॅम्बुर्गच्या मद्यगृहांत एक जण उठून गेला असता तर गाणें तेथेंच थांबलें असतें. आतां तें थांबत नव्हतें. माणसें भांडतात आणि पुन्हां एक होतात, तीं पुष्कळदां एकमेकांवांचून अडतें म्हणून. यंत्रानें हें अडणेंच नाहींसें केलें.

हें त्यांना स्वतःलाहि उमगलें होतें असें दिसतें. १९६९ च्या जानेवारींत, कसलीहि कारागिरी न करतां पूर्वींसारखें समोरासमोर बसून गावयाचें, असा त्यांनीं बेत केला. भांडणें झालीं; हॅरिसन रागावून गेला व परत आला. तरीहि ३० जानेवारी रोजीं भर थंडींत लंडनमधील आपल्या कचेरीच्या गच्चीवर चढून चौघांनीं बेचाळीस मिनिटें गाइलें. बिली प्रेस्टन हा वादक सोबत होता. पोलीस येईपर्यंतचीं तीं मिनिटें ऐकलीं म्हणजे डोळ्यांनीं लय सांभाळणारी जुनी मंडळी पुन्हां समोर उभी राहते. नंतर त्याच वर्षीं 'ॲबे रोड' ही सुघटित ध्वनिमुद्रिका झाली, आणि १९७० च्या एप्रिलांत फुटीची वार्ता प्रसिद्ध झाली. जानेवारीच्या त्या फिती फिल स्पेक्टर या निर्मात्याकडे गेल्या. मॅकार्टनीच्या एका गाण्यावर त्यानें वाद्यवृंद आणि गायकवृंद चढविला, तोहि मॅकार्टनीला न विचारतां. कारागिरीशिवाय करावयाच्या संग्रहाची अशी अखेर झाली.

लेननचा १९८० सालीं खून झाला. हॅरिसन २००१ सालीं गेला. तरीहि २ नोव्हेंबर २०२३ रोजीं बीटल्सचें एक नवें गाणें प्रसिद्ध झालें. १९७० नंतरच्या दशकांत लेननने घरीं पियानोवर गाऊन एका साध्या फितीवर टिपून ठेविलेला स्वर नव्या गणकयंत्राच्या साहाय्यानें पियानोपासून वेगळा काढला. त्यास हॅरिसननें १९९५ सालीं वाजविलेल्या गिटारची आणि हयात असलेल्या दोघांची साथ दिली. चौघे त्यांत आहेत, आणि चौघे कधींहि एका खोलींत नव्हते. तें ऐकतांना मन भरून येतें. पण तें गाण्यापेक्षां आठवणीमुळें येतें, असें मला वाटतें.

म्हणून ज्यांच्या घरीं हीं गाणीं आहेत त्यांना माझी एक सूचना आहे. तीं काळाच्या क्रमानें ऐकावीं. एके संध्याकाळीं १९६३ ची पहिली ध्वनिमुद्रिका लावावी, दुसऱ्या दिवशीं १९६७ ची. दुसरींतील वैभव पहिलींत नाहीं हें खरें. परंतु त्या वैभवाच्या तळाशीं जो पक्का ताल आणि स्वरांची जी जवळीक आहे, ती पहिलींतून आलेली आहे. सात-आठ वर्षें ती पुरली आणि मग सरली. यंत्रानें पुष्कळ दिलें. चार माणसांनीं एकमेकांचें ऐकावें, एवढें मात्र त्याला देतां आलें नाहीं.