कागद मिळाला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९८३ साली मी आठवीत होतो. जुन्या नाशकात आमच्या गल्लीत लिहिता-वाचता येणारे थोडे, म्हणून पत्रं लिहायला शेजारीपाजारी मला बोलवत. शेजारच्या खालांचा मुलगा भिवंडीला यंत्रमागावर कामाला होता. घराच्या कागदाची नक्कल त्याला पाठवायची होती. खाला म्हणाल्या, "बेटा, त्याच्या हातात पडलं की मला कळलं पाहिजे."

मी नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेलं तिकीट चिकटवलं आणि पाकीट पेटीत टाकून आलो. पोचपावतीसह रजिस्टर करायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. पाकीट वेळेवर पोचलं होतं, पण खालांना ते कळायला दीड महिना लागला. तोवर रोज दुपारी त्या दारात उभ्या असत. त्यांनी आपली गरज अगदी नेमकी सांगितली होती. ती पोस्टाच्या भाषेत मांडायला मी कमी पडलो.

हे आठवायचं कारण माझा भाचा. तो प्रोग्रामर आहे. परवा म्हणाला, "मामू, नेटवर्कवरून माहिती पाठवणाऱ्या प्रोग्रामसाठी इंटरफेस नव्यानं लिहितोय." मी बी.ए. झालेला कवी, म्हटलं, मला कळेल असं सांग. त्यानं सांगितलं आणि मला खालाच आठवल्या.

प्रोग्राम स्वतः तारेला हात लावत नाही. तो संगणकाच्या कार्यप्रणालीकडे मागणी करतो. ही मागणी करण्याची ठरलेली पद्धत म्हणजे इंटरफेस. पोस्टाची खिडकीच म्हणा. आज जगभर चालते ती खिडकी बर्कली विद्यापीठानं त्याच १९८३ साली बांधली. तिचं नाव सॉकेट. तिथे मुख्यतः दोन सेवा मिळतात. पहिली टीसीपी. वाटेत हरवलेला मजकूर ती पुन्हा पाठवते आणि सगळं क्रमानं पोचवते. दुसरी यूडीपी. ती पाकीट टाकून मोकळी होते. पोचेल किंवा नाही पोचणार. फोनवरच्या बोलण्याला तेच बरं, कारण उशिरा आलेल्या शब्दाचा उपयोग नसतो.

टीसीपीची एक गंमत मला कवी म्हणून फार लागली. तिला ओळी कळत नाहीत. नळाला पाणी यावं तशी ती अक्षरं सोडते. चार ओळी चार वेळा पाठवल्या, तरी पलीकडे पहिल्या खेपेला दीड ओळ येईल, दुसऱ्या खेपेला उरलेल्या अडीच. एक अक्षर गळत नाही, पण ओळ कुठे संपली ते पलीकडच्या प्रोग्रामनं स्वतः ओळखायचं. यूडीपी प्रत्येक ओळ अखंड देते; पण एखादी ओळच येणार नाही!

आता अडचण कुठे आहे पाहा. या खिडकीवर गरज सांगता येत नाही, सेवेचं नाव सांगावं लागतं. प्रोग्राममध्ये एकदा 'टीसीपी' लिहिलं की ते तिथेच राहतं. २०२१ साली क्विक नावाची नवी पद्धत प्रमाणित झाली. एकाच जोडणीत तिचे अनेक प्रवाह असतात. एकातला मजकूर हरवला म्हणून दुसरे अडून बसत नाहीत. पण जुन्या प्रोग्रामना तिचा फायदा आपोआप मिळत नाही. ते बदलावे लागतात.

म्हणून इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेतला एक गट २०१४ पासून वेगळ्या खिडकीच्या मागे लागला. जानेवारी २०२५ मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्याचा क्रमांक ९६२२. इथे प्रोग्राम आपली गरज सांगतो. खात्री, क्रम, ओळींच्या सीमा अशा एकेका गुणाबद्दल पाच उत्तरं देता येतात: हवंच, असल्यास बरं, काहीही चालेल, शक्यतो नको, मुळीच नको. मग कोणती सेवा वापरायची ते कार्यप्रणाली ठरवते. दोन वाटा असतील तर ती दोन्ही थोड्या अंतरानं धरून पाहते आणि आधी जुळेल ती ठेवते.

पोस्टातही असंच झालं. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. नाव गेलं, पण 'त्याच्याच हातात द्या' ही गरज संपली नाही.

भाचा म्हणाला, "यात जादू नाही, मामू. सगळंच 'हवंच' म्हटलं तर एकही वाट उरत नाही, जोडणीच होत नाही." मी विचारलं, आणि माझ्यासारख्या अजाण पोरानं काहीच सांगितलं नाही तर? तर खात्रीनं आणि क्रमानं पोचवणं गृहीत धरलं जातं, म्हणाला. मला बरं वाटलं. न विचारणाऱ्याच्या पदरात काय टाकायचं, हेही खिडकी बांधणाऱ्यानंच ठरवायचं असतं.

मग मी खालांचा प्रश्न विचारला: हातात पडलं की कळतं का? तो थांबला. नव्या खिडकीवर 'पाठवलं' असा निरोप मिळतो, पण त्याचा अर्थ मजकूर खिडकीतून खालच्या यंत्रणेकडे गेला, एवढाच. टीसीपीची पोचही फार तर पलीकडच्या संगणकापर्यंतची. पलीकडच्या प्रोग्रामनं ते घेतलं, वाचलं, नोंदवलं, याची ग्वाही तिला देता येत नाही. ती पलीकडच्या प्रोग्रामनंच उलट पाठवावी लागते. पेन्शनचा अर्ज असो की परीक्षेचा, पडद्यावर 'पाठवलं' दिसलं म्हणून तो मिळालाच, असं धरून चालू नये. अर्ज क्रमांकासह पोच परत येईल, अशी सोय करणाऱ्यानं करायला हवी. भाच्यानं आपल्या कामात ती सोय धरली होती. मी त्याला शाबासकी दिली.

त्या दीड महिन्यानंतर भिवंडीहून पोस्टकार्ड आलं. खाला ते घेऊन आमच्याकडे आल्या आणि मी वाचून दाखवलं. खुशाली होती, पगाराचं होतं. खालांनी एकच ओळ पुन्हा वाचायला लावली: कागद मिळाला.