किल्ली हातात येण्याआधी: अमेरिकन ट्रक ड्रायव्हर आणि ४५ मिलिलिटरची चाचणी

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी.)

आजचा विषय थोडा लांबचा वाटेल. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरला नोकरीवर घेण्याआधी नशेची चाचणी कशी होते, हा तो विषय.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? माझा संबंध पोटापाण्याचा आहे. मी पुण्यात बसून अमेरिकन वाहतूक कंपन्यांसाठी ड्रायव्हर भरतीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. बीटेक करताना मला कुणी सांगितलं असतं की तू एक दिवस लघवीच्या नमुन्याचे नियम वाचत बसशील, तर मी हसलो असतो. पण वाचले. आणि वाचता वाचता पटलं की नियम कसा लिहावा, हे शिकायला ही चांगली जागा आहे. तो कुठे कमी पडतो, तेही यातच दिसतं.

आधी थोडा इतिहास

४ जानेवारी १९८७. अमेरिकेत बाल्टिमोरजवळ चेस नावाच्या गावी एक पॅसेंजर रेल्वे मालगाडीच्या इंजिनांवर आदळली. १६ माणसं गेली. इंजिनांवरच्या कर्मचाऱ्यांनी गांजा ओढला होता, हे तपासात निघालं. मग ऑगस्ट १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा अपघात झाला, त्यात ५ जण गेले. मोटरमन प्यायलेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेचा कायदा आला: रेल्वे, विमान, बस, ट्रक, जिथे एकाच्या चुकीने इतरांचा जीव जाऊ शकतो, तिथे नशेची आणि दारूची चाचणी सक्तीची.

ट्रकसाठी हे नियम लागू होतात ते व्यावसायिक लायसन्सवाल्यांना. त्याला तिकडे सीडीएल म्हणतात. ढोबळमानाने सांगायचं तर मालासकट २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे पावणेबारा टन किंवा त्याहून जास्त वजनाची गाडी, ड्रायव्हर धरून १६ किंवा जास्त माणसांची बस, किंवा धोकादायक मालाची पाटी लावावी लागते अशी गाडी. घरपोच पार्सलवाली छोटी व्हॅन यात येत नाही.

नेमका नियम काय?

नियम एका वाक्यात: नव्या कंपनीची गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढण्याआधी ड्रायव्हरची नशेच्या पदार्थांची चाचणी झालेली हवी, आणि तिचा ‘निगेटिव्ह’ निकाल कंपनीच्या हातात हवा. चाचणी दिली, निकाल यायचाय, तोवर एक फेरी मारून ये, असं चालत नाही.

दारूचं मात्र वेगळं आहे. नोकरीआधी दारूची चाचणी सक्तीची नाही. कंपनीला करायची असेल तर करता येते, पण मग सगळ्याच उमेदवारांची करावी लागते. एकाची केली, दुसऱ्याला सोडला, हे नाही चालणार.

चाचणीतून सूट मिळते, पण तिच्या अटी कडक आहेत. उमेदवार गेल्या ३० दिवसांत अशाच चाचणी-कार्यक्रमात असायला हवा. त्यात एकतर गेल्या ६ महिन्यांत त्याची चाचणी झालेली हवी किंवा गेले १२ महिने तो अचानक-निवडीच्या यादीत असायला हवा. शिवाय मागच्या ६ महिन्यांत त्याने नियम मोडल्याची कुठल्याही जुन्या मालकाकडे नोंद नको. कोड लिहिणाऱ्यांनो, ऐकताना डोक्यात ‘इफ-एल्स’ सुरू झालं ना? माझंही तेच झालं होतं.

पाच गट तपासतात: गांजा, कोकेन, ॲम्फेटामाइन्स, पीसीपी आणि अफूच्या कुळातले पदार्थ. या शेवटच्या गटात १ जानेवारी २०१८ पासून ऑक्सिकोडोनसारखी डॉक्टर लिहून देतात ती वेदनाशामकंही आली.

बाटलीचा प्रवास

आता चाचणीच्या खोलीत जाऊ. खिसे रिकामे करायचे. संडासाच्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो, म्हणजे ते पाणी कुणी नमुन्यात मिसळू नये. किमान ४५ मिलिलिटर नमुना लागतो. चार मिनिटांच्या आत त्याचं तापमान बघतात. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसमध्ये हवं. घरून बाटलीत दुसऱ्याची लघवी आणणाऱ्यांवरचा हा इलाज.

मग ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर दोन बाटल्या भरतात. एकीत ३० मिलिलिटर, दुसरीत १५. दोन्हींना सील लागतं, त्यावर ड्रायव्हरची आद्याक्षरं येतात. दुसरी बाटली म्हणजे आपल्या भाषेत बॅकअप! प्रयोगशाळेला जाणाऱ्या प्रतीवर ड्रायव्हरचं नाव नसतं, फक्त नमुन्याचा नंबर असतो. तपासणारा माणूस कोणाचा नमुना तपासतोय, त्याला माहीत नाही.

लघवी झालीच नाही तर? तीन तास मिळतात आणि साधारण सव्वा लिटरपर्यंत पाणी प्यायला मिळतं. तरी नाही झाली तर डॉक्टरकडे पाठवून खरंच शारीरिक कारण आहे का, ते तपासतात.

आणखी एक बारीक गोष्ट. नोकरीआधीच्या चाचणीत उमेदवार आलाच नाही, किंवा प्रक्रिया सुरू होण्याआधी निघून गेला, तर तो ‘नकार’ धरत नाहीत. नोकरी गेली, पण रेकॉर्ड स्वच्छ. मात्र एकदा नमुन्याचं भांडं हातात घेतलं आणि मग पळ काढला, तर तो नकार. आणि नकाराची शिक्षा पॉझिटिव्हइतकीच.

मला आवडलेला भाग

प्रयोगशाळेने पॉझिटिव्ह म्हटलं की निकाल थेट मालकाकडे जात नाही. तो आधी एका स्वतंत्र डॉक्टरकडे जातो. त्याला मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर म्हणतात. तो ड्रायव्हरला फोन करून विचारतो, बाबा रे, असं आलंय, काही औषध घेतोस का? ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वेदनाशामक लिहून दिलं असेल आणि चिठ्ठी खरी निघाली, तर हाच डॉक्टर मालकाला ‘निगेटिव्ह’ कळवतो. ड्रायव्हर आधीच नोकरीत असेल, तर ही पडताळणी होईपर्यंत नुसत्या प्रयोगशाळेच्या निकालावरून त्याला कामावरून बाजूला काढायला मालकाला सहसा मनाई आहे.

निकाल पॉझिटिव्हच ठरला, तर ड्रायव्हरला ७२ तास मिळतात. तेवढ्यात तो म्हणू शकतो, माझी दुसरी बाटली दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासा. पैसे आधी भर, मग तपासू, असं त्याला म्हणता येत नाही.

बघा, नमुना घेणारा एक, तपासणारा दुसरा, अर्थ लावणारा तिसरा, नोकरी देणारा चौथा. एकट्याच्या हातात कुणाचं आयुष्य नाही. कॉलेजात शिकलेल्या सिस्टिम डिझाइनपेक्षा मला हे भारी वाटलं.

आणि न आवडलेला

गांजाची चाचणी गांजाची नशा मोजत नाही. शरीरात गांजा पचल्यावर जो पदार्थ उरतो, तो मोजते. पहिल्या फेरीची मर्यादा एका मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम, खात्रीच्या फेरीची १५. हा पदार्थ लघवीत कित्येक दिवस दिसतो, नेहमी घेणाऱ्याच्या बाबतीत आठवडेसुद्धा. म्हणजे शनिवारी पार्टीत ओढलेला गांजा पुढच्या गुरुवारी नोकरी घालवू शकतो, तेव्हा डोकं पूर्ण ताळ्यावर असलं तरी.

त्यात गंमत अशी की कोलोराडोत १ जानेवारी २०१४ पासून गांजा दुकानात मिळतो. कॅलिफोर्नियात, शेजारच्या कॅनडातही कायदेशीर आहे. पण हे चाचणीचे नियम केंद्र सरकारचे. राज्यात चालतं म्हणून सुटका नाही. डॉक्टरने गांजा सुचवला होता, हे कारणही चालत नाही. ब्रॅम्प्टनहून अमेरिकेत माल नेणारा पंजाबी ड्रायव्हर कॅनडात कायदा न मोडताही अमेरिकेच्या नियमात अडकू शकतो, कारण सीमा ओलांडणाऱ्यांनाही हेच नियम लागतात. पॉझिटिव्ह येणाऱ्यांत सर्वात मोठा वाटा गांजाचाच असतो.

मग चाचणीच नको का? मला तसं वाटत नाही. छत्तीस टनांचा ट्रक ताशी शंभरच्या वेगाने शेजारून जात असेल तर मलाही वाटेल की त्याला कुणीतरी तपासलेलं असावं. फक्त पॉझिटिव्ह म्हणजे ‘नशेत गाडी चालवणारा’, असा अर्थ आपण काढू नये.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर गुन्हा. ते कलम विचारतं, आत्ता स्टिअरिंगवर तू शुद्धीत आहेस का? अमेरिकेतला हा नियम विचारतो, किल्ली देण्याआधी तुझ्यावर विश्वास ठेवू का? दोन प्रश्न वेगळे आहेत.

दोन दिवे की तीन?

आता माझ्या कामाचं. ६ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत ‘क्लिअरिंगहाउस’ नावाचा केंद्रीय डेटाबेस सुरू आहे. आधी एका कंपनीत पॉझिटिव्ह आलेला ड्रायव्हर दुसऱ्या राज्यात जाऊन गप्प बसून नोकरी धरू शकायचा. आता नव्या कंपनीला भरतीआधी तिथे विचारावंच लागतं, ड्रायव्हरच्या ऑनलाइन संमतीने. एका चौकशीला सव्वा डॉलर. संमती नाही दिली तर गाडी नाही. आणि १८ नोव्हेंबर २०२४ पासून बंदीतल्या ड्रायव्हरचं व्यावसायिक लायसन्सच राज्य सरकार काढून घेतं.

एका क्लायंटची मागणी आली: स्क्रीनवर दोनच दिवे हवेत. रेकॉर्ड नाही तर हिरवा, रेकॉर्ड आहे तर लाल आणि अर्ज आपोआप बाद. सोपं काम होतं, अर्ध्या दिवसाचं.

पण नियमात पुढचं पान आहे. पॉझिटिव्ह आलेल्या ड्रायव्हरला परत येता येतं. आधी सबस्टन्स अब्यूज प्रोफेशनल, म्हणजे ‘सॅप’कडे जायचं (आपलं ऑफिसमधलं सॅप नव्हे!). तो ठरवेल ते उपचार किंवा प्रशिक्षण पूर्ण करायचं. मग कुणीतरी समोर उभं राहून बघतंय अशा अवस्थेत पुन्हा चाचणी. ती निगेटिव्ह आली की बंदी उठते. त्यानंतर पहिल्या १२ महिन्यांत किमान ६ अचानक चाचण्या, आणि हे पाच वर्षांपर्यंत चालू शकतं. नोकरी बदलली तर उरलेल्या चाचण्या नव्या मालकाने करून घ्यायच्या. नोंद मात्र किमान पाच वर्षं डेटाबेसमध्ये दिसत राहते.

म्हणजे हा माणूस लालही नाही, हिरवाही नाही. तो गाडी चालवू शकतो, फक्त त्याच्यासोबत मालकाची एक जबाबदारी येते. आम्ही मीटिंगमध्ये हे नियमाचं पान उघडून दाखवलं आणि तिसरा दिवा ठेवला, पिवळा: ‘पात्र, पुढील चाचण्या बाकी’. क्लायंटने त्याला नोकरी द्यायची की नाही, हे माणसाने अर्ज वाचून ठरवायचं. क्लायंट थोडा कुरकुरला, पण मान्य केलं.

हे मी का सांगतोय? कारण सरकारी मासिक आकडे बघितले तर बंदीत असलेल्या ड्रायव्हरांपैकी बहुसंख्यांनी परतीची प्रक्रिया सुरूच केलेली नसते. मालकाने सॅपची यादी द्यावी हे नियमात आहे, अगदी नोकरी न मिळालेल्या उमेदवारालाही. पण त्याचे पैसे मालकानेच द्यावेत, असं नियमात नाही. नोकरी गेलेला माणूस खिशातून ते भरणार, वेळ काढणार, आणि मग त्याचा अर्ज एखादं सॉफ्टवेअर न वाचताच फेकून देणार असेल, तर तो प्रक्रिया सुरू कशाला करेल? कायद्याने उघडं ठेवलेलं दार आपण कोडच्या एका ओळीने बंद करू शकतो. आणि कुणाला कळणारही नाही.

तुमच्यापैकी अनेकजण उद्या असंच काहीतरी लिहाल. कर्जाचं ॲप, शिष्यवृत्तीचा फॉर्म, भरतीचं पोर्टल. ‘सिंपल ठेवा, हो किंवा नाही’ अशी मागणी येईल. तेव्हा मूळ नियम स्वतः वाचा, फक्त क्लायंटची ईमेल नको. आणि नियमाने कुणाला दुसरी संधी दिली असेल, तर ती तुमच्या स्क्रीनवर दिसू द्या.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मित्रमंडळींनाही हा भाग पाठवा. बस किंवा ट्रकच्या लायसन्सचा विचार करणारा कुणी ओळखीत असेल तर नक्कीच.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात उत्तरं देतो. तोपर्यंत गाडी जपून चालवा. भेटूच!