विद्यापीठाची शिडी आणि तिची पहिली पायरी
(विद्यार्थी व पालक यांच्यापुढील भाषण)



परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांच्या पाठीशी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती. आज आपल्यापैकी कित्येकांचे आप्त त्या देशात स्थायिक आहेत, आणि त्यांची मुले संगणकशास्त्र शिकू इच्छितात. ज्याच्या पाठीशी असे साहाय्य नाही, त्या सामान्य घरातील मुलाने तेथे विद्यापीठापर्यंत कसे पोहोचावे, हा प्रश्न आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

त्या देशात कम्युनिटी कॉलेज नावाची दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची कॉलेजे आहेत. कॅलिफोर्निया राज्यातच ती ११६ आहेत. १९६० साली त्या राज्याने उच्च शिक्षणाची एक योजना आखली. शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशासाठी राज्य कॉलेजे, आणि कम्युनिटी कॉलेज मात्र सर्वांसाठी, अशी ती विभागणी होती. जो खाली राहिला त्याला वर चढता यावे म्हणून, कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्याची शिडी ठेवण्यात आली. आपल्याकडे पदविका घेतलेला विद्यार्थी थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात जातो, तशाच प्रकारची ही व्यवस्था होय.

परंतु शिडी आहे म्हणून सर्वजण चढतात असे समजू नका. तेथील सरकारी लेखापरीक्षकाने २०२४ साली दिलेल्या अहवालानुसार, विद्यापीठात जाण्याच्या इराद्याने २०१७ ते २०१९ या वर्षांत कम्युनिटी कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्यांपैकी केवळ २१ टक्के चार वर्षांच्या आत तेथे पोहोचले. याची कारणे अनेक आहेत; त्यांतील जे कारण आपल्या हाती आहे तेवढ्याचाच मी विचार करतो.

तिसऱ्या वर्षात जाण्यासाठी साठ युनिटांचा अभ्यास लागतो. मूल साठ युनिटे पुरी करते, घरचे समाधान मानतात, आणि मग कळते की संगणकशास्त्राला लागणारे विषय त्यांत नव्हतेच. या शाखेला कॅल्क्युलस हवे, रेषीय बीजगणित हवे, विविक्त गणित हवे. प्रोग्रॅमिंग, त्यानंतर डेटा स्ट्रक्चर्स आणि संगणकाची अंतर्गत रचना हेही बहुधा हवे. काही ठिकाणी पदार्थविज्ञानही मागतात. हे विषय एका साखळीत गुंफलेले आहेत. पहिले कॅल्क्युलस झाल्याविना दुसरे घेता येत नाही. प्रोग्रॅमिंग झाल्याविना डेटा स्ट्रक्चर्स घेता येत नाही. लहान कॉलेजात एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवला जातो. तो हुकला की एक वर्ष गेले. म्हणून गणिताची पहिली पायरी पहिल्याच सत्रात चढली पाहिजे.

शिवाय प्रत्येक विद्यापीठाची मागणी निराळी. कोणत्या कॉलेजातील कोणता विषय कोणत्या विद्यापीठाला मान्य आहे, याची अधिकृत नोंद 'असिस्ट' नावाच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पाहता येते. विषय निवडण्यापूर्वी ती नोंद वाचावी. मित्राने घेतला म्हणून आपणही तोच विषय घेणे हे शहाणपण नव्हे.

डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा व सांता क्रूझ या सहा ठिकाणी अटी पुऱ्या केल्यास प्रवेशाची लेखी हमी मिळू शकते. बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो ही हमी देत नाहीत. आणि जी देतात त्यांतील काही संगणकशास्त्राला ती लागू करीत नाहीत. या हमीचा अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात करावा लागतो. म्हणजे दोन वर्षांत शिडी चढू पाहणाऱ्याच्या हाती त्या वेळी केवळ पहिल्या वर्षाचे गुण असतात. 'पहिले वर्ष रुळण्याचे' असे ज्याने मानले, त्याचे नुकसान तेथेच झाले.

आता पैशाचा विचार. राज्यातील रहिवाशास एका युनिटला ४६ डॉलर पडतात. साठ युनिटांचे २,७६० डॉलर होतात. पुस्तके व राहण्याचा खर्च वेगळा. परंतु येथून विद्यार्थी म्हणून जाणाऱ्यास हा दर मिळत नाही. त्याला कित्येक पट फी भरावी लागते आणि सामान्यतः दर सत्रात किमान बारा युनिटे घ्यावीच लागतात. ४६ हा आकडा ऐकून कोणी घर गहाण टाकू नये. आधी आपल्याला लागू असलेला दर कॉलेजकडून लेखी मागवावा.

मातापित्यांना माझे सांगणे आहे की, आपणांस संगणकशास्त्र कळत नसले तरी चार प्रश्न विचारता येतात. या सत्रात कोणते विषय घेतलेस? ते कोणत्या विद्यापीठाला मान्य आहेत? ते कोठे लिहिले आहे? कॉलेजातील सल्लागारास केव्हा भेटलास? मुलाला विचाराल तसेच मुलीलाही विचारा. ज्या घरात हे प्रश्न दर सत्राला विचारले जातात, त्या घरातील मुलाची चूक वेळीच सापडते.

हक्क कागदावर लिहिलेला असतो. जो तो कागद मुदतीपूर्वी वाचतो, त्याच्याच पदरात तो पडतो. ज्या कागदापासून आपले पूर्वज दूर ठेवले गेले, तो आज आपल्यापुढे उघडा आहे. तो आपण होऊन वाचा, आणि मुलांना वाचावयास लावा.