तारीख कुणाची धरायची?

(अभ्यासक, पत्रकार आणि कार्यकर्त्या यांच्या एकत्रित प्रशिक्षण शिबिरातील मांडणी)



काल संध्याकाळी आपण भिंतीवर एक लांब कागद लावून त्यावर पोलंडची हकीकत लिहिली. प्रश्न एकच होता : तिथली लोकशाही घसरायला कधी लागली? तीन गटांनी तीन तारखा दिल्या. अभ्यासकांनी लिहिले डिसेंबर 2015, पत्रकारांनी जानेवारी 2016 आणि कार्यकर्त्यांनी 22 ऑक्टोबर 2020. त्यावर इतका वाद झाला की चहा तसाच राहिला. आज मला त्या वादाबद्दलच बोलायचे आहे.

ऑक्टोबर 2015 मध्ये तिथे 'कायदा आणि न्याय' पक्षाला बहुमत मिळाले आणि घटनात्मक न्यायाधिकरणातील नेमणुकांवरून झगडा सुरू झाला. आधीच्या संसदेने निवडलेल्या न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्षांनी शपथ दिली नाही, नव्या संसदेने निवडलेल्यांना दिली. (आधीच्या सरकारनेही दोन जागा मुदतीआधीच भरू पाहिल्या होत्या. तेही कागदावर लिहा. ते आपल्याला जवळचे वाटतात म्हणून गाळू नका.) मार्च 2016 मध्ये न्यायाधिकरणाने सरकारविरुद्ध निकाल दिला, तेव्हा सरकारने तो राजपत्रात छापायचेच नाकारले. एवढ्यावर काम भागले. पत्रकारांची तारीख सरकारी टीव्हीच्या प्रमुखांची नेमणूक मंत्र्याच्या हाती गेली तेव्हाची.

आता कार्यकर्त्यांची तारीख. 2016 मध्ये गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आणणारे विधेयक आले. ऑक्टोबरमध्ये काळे कपडे घालून हजारो बायका काम टाकून रस्त्यावर आल्या आणि तीन दिवसांत संसदेने विधेयक फेटाळले. केवढा मोठा विजय! पण जे संसदेत जमले नाही, ते चार वर्षांनी त्याच न्यायाधिकरणाकडून झाले. गर्भात गंभीर व्यंग असल्यास गर्भपाताची मुभा होती, ती 22 ऑक्टोबर 2020 च्या निकालाने गेली. 2019 मध्ये झालेल्या सुमारे 1100 कायदेशीर गर्भपातांपैकी बहुतेक सगळे याच कारणासाठी होते. 2023 मध्ये त्या पक्षाचे बहुमत गेले, तरी गर्भपातासाठी मदत करणाऱ्याची शिक्षा काढून टाकणारे विधेयक जुलै 2024 मध्ये थोडक्या मतांनी पडले. गेलेले परत मिळवणे इतके अवघड असते.

पोलंडच्या बायका गाफील होत्या असे मी म्हणत नाही. न्यायालयांसाठीही 2017 मध्ये लोक रस्त्यावर होते. काल एक अभ्यासक म्हणाले, 2020 हा परिणाम झाला, सुरुवात नव्हे. मान्य. पण 2015 मधला नेमणुकांचा वाद आपल्या वस्तीतल्या बाईला मी कसा सांगणार? आणि 2020 चीच तारीख धरून बसले तर मी पाच वर्षे उशिरा पोचले.

हे दुसऱ्यांना सांगते आहे, कारण मी स्वतः उशिरा पोचलेली आहे. 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, हे खरेच. पण मे 2025 मध्येही निवडणुका लवकर घ्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. 2011 पासून या संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. म्हणजे निवडून आलेल्या हजारो बायका एकदम घरी बसल्या. मी तेव्हा काय करत होते? अंगणवाडीच्या गळक्या छपराची तक्रार घेऊन आलेल्या बायकांना घेऊन मी पंचायत समितीत खेटे घालत होते. 'ताई, आता सदस्यच नाहीत, कुणाला सांगायचं?' असे त्यांनी मला तीनदा विचारले. मी वहीत लिहिले, 'छप्पर – प्रलंबित.' त्यांचा प्रश्न लिहिलाच नाही. मला ते छपराचे काम वाटले.

म्हणून दुपारच्या सत्रात प्रत्येकीने, प्रत्येकाने एकच संस्था निवडायची : पंचायत समिती, महापालिका, आयोग, काहीही. मुदत कधी संपली, बैठक कधी झाली, इतिवृत्त मिळते का, माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर कधी आले, हे तारखेसकट लिहायचे. शेजारच्या रकान्यात, त्यामुळे कोणत्या बाईचे काय अडले. पहिला रकाना अभ्यासकांना सोपा जाईल, दुसरा आपल्याला. म्हणून गट मिसळून बसवले आहेत. कुणी कुरकुर करू नये. बाईचे नाव तिला विचारल्याशिवाय लिहायचे नाही. पत्रकार मित्रांनो, हे खास तुमच्यासाठी.

मी माझी 2022 ची वही आणली आहे. सुरुवात तिच्यापासून करू.